शिंकेचा डाव

कोरीटच्या शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या योगिताबाई मुळात तापट. पोर पाढा चुकलं की त्यांचा पारा चढलाच. पण रिनापुढे त्यांनी हात टेकले होते. ही पोर कधी चुकतच नसे, कारण ती वर्गात तोंडच उघडत नसे.

रिनाची आई गंगीबाई पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, कामाला जाई. तिने निक्षून सांगितलं होतं, "पोरना डोकामा काही शिरत नही, बाई. दिवाळीनंतर पथारीवर लई जासू तिले."

बाईंनी ठरवलं, पोरीला खेळातून बोलतं करायचं. त्यांनी मिरचीचं एक रिकामं पोतं मिळवलं, धुतलं आणि त्यावर रंगाने सापशिडी काढली. धुण्यात मात्र घाई झाली. फासा पडला की पोत्यातून तिखट धूळ उडे आणि पोरं शिंकत. शिंकेला कोण अडवणार? पण शिंक झाली की हातातलं काम जरा थांबवायचं, ही घराघरातली शिकवण. ज्याची पाळी तो फासा मुठीत धरून बसे. डाव काही पुढे सरकेना.

बाई आधी भडकल्या, मग हसल्या. "थांबा, खुशाल थांबा. पण ज्याची पाळी, त्याने शंभराला किती घरं उरली ते सांगायचं. मगच फासा!"

झालं, अख्खा वर्ग बोटांवर मोजू लागला. रिनाचे नुसते ओठ हलत. तिचं उत्तर शेजारी बसलेली मुलगी देई.

दिवाळी सरली. शाळा उघडली तशी गंगीबाई दारात हजर. डाव ऐन रंगात आला होता. "चाल," म्हणत तिने रिनाचा हात धरला, तोच कोणीतरी सणसणीत शिंकलं.

गंगीबाई जागीच थबकली. शिंकेवर निघायचं कसं? पाळी रिनाची होती, तिची सोंगटी त्र्याहत्तरवर. सगळी पोरं तिच्याकडे बघू लागली.

"सत्तावीस," रिना म्हणाली. बारीक, पण स्वच्छ आवाजात. मग आईकडे वळून, "माय, जराशी बस. मन्हा डाव बाकी शे."

योगिताबाईंनी हसून गंगीबाईला बसायला जागा करून दिली. गंगीबाई खाली बसली, डाव संपेपर्यंत पोरीकडे आणि पोत्यातून उडणाऱ्या धुळीकडे बघत राहिली. मग पदर खोचून उठली आणि एकटीच निघाली. दारातून मात्र मागे वळली.

"बाई, हाई पोतं आते धुवू नका."