कोतवालाचा शब्द

आमच्या गावचा कोतवाल बोलताना अडखळायचा, आणि दवंडी देणं हे त्याचंच काम. बोदलकशाच्या तलावाचं पाणी धानाला कधी सुटणार, गोरा साहेब कधी येणार, सगळं त्याच्याच तोंडून कळायचं. डफड्यावर तीन थापा मारून तो "ऐ... ऐ... ऐका हो" सुरू करी, की आम्ही शाळकरी पोरं मागून "ऐ ऐ" करत नाचायचो. तो वळूनही बघत नसे. शब्द अडला की मान ताठ ठेवून उभा राही, आणि गावालाही उभं ठेवी.

एकदा तो "उद्या धानाला पा... पा..." वर अडला. मी शहाणपणाने ओरडलो, "पाणी!"

त्याने डफडं खाली घेतलं. "मधात कायले बोलून राहिलास? श... शब्द माजा आहे. मीच पुरा करीन."

आणि पहिल्या थापेपासून त्याने सगळी दवंडी पुन्हा दिली. तेवढा वेळ गावाचे धनी मालगुजारही उन्हात उभे होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरीला माझ्या शेजारचा पोरगा "ह... ह..." वर अडला. वर्ग हसला. गुरुजी पुढचं नाव घेऊ लागले, तसा मी उठलो.

"थांबा जी, गुरुजी. शब्द त्याचा आहे, तोच पुरा करन."

हातावर सणसणीत छडी बसली. मी मान ताठ ठेवून दुसराही हात पुढे केला. छडी वर गेली, आणि शेजारून आवाज आला, "ह... ह... हजर!"