कुंकवाचा कण

परुळेकर काकांना मायक्रोस्कोपमधून बघताना बरोबर मधोमध एक करडा डाग दिसायला लागला होता. तो डाग काचेत आहे की आपल्या डोळ्यात, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. आणि ते ठरायला नको होतं, म्हणून त्याला दोन महिन्यांच्या वर लागले.

माझ्याकडे आले तेव्हा अर्थातच त्यांनी असं काही सांगितलं नाही. जिन्यात गाठून म्हणाले, "साईनाथ, तुझा तो लग्नांचा कॅमेरा रविवारी रिकामा असतो ना? मायक्रोस्कोपला लावून बघू म्हणतो. छंद."

लग्नांचा कॅमेरा रविवारी रिकामा असतो, यातच माझ्या जोडधंद्याची सगळी कहाणी आली. मी हो म्हणालो.

कोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये काका दुसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर भाड्याने. काकांचं नाव गुरुदत्त, वय अठ्ठावन्न, आणि एकतीस वर्षं नौपाड्यात देवयानी मॅडमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. रक्तातल्या पेशी मोजायचं काम आता मशीन करतं. पण मशीनला कसली शंका आली, की त्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून काकांसमोर येतो. काका बघतात, मलेरिया आहे किंवा नाही ते सांगतात, आणि मॅडम सही करतात. म्हणजे नौपाड्यातल्या निम्म्या तापांचा शेवटचा शब्द काकांच्या उजव्या डोळ्याकडे. उजव्याच. एका नळीच्या जुन्या मायक्रोस्कोपवर ते शिकले. उजवा डोळा नळीला आणि डावा उघडा ठेवून शेजारच्या वहीवर. उजव्याने बघायचं, डाव्याने लिहायचं. मॅडमनी दोन नळ्यांचा नवा मायक्रोस्कोप आणला, तर काकांनी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलं. म्हणाले, दोन्ही डोळे आत घातले तर लिहिणार कोण?

डाग दिसला तो दसऱ्यानंतरच्या सोमवारी. आणि इथेच सगळा घोळ झाला. कारण खंडेनवमीला लॅबमध्ये हत्यारांची पूजा झाली होती. आमच्या जतच्या शाळेतही एक मायक्रोस्कोप होता. तो वर्षभर लोखंडी कपाटात असायचा आणि खंडेनवमीला बाहेर निघून झेंडूची माळ घालून बसायचा. त्यातून कोणी काही पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नमस्कार मात्र सगळ्यांनी केला. लॅबमध्ये यंदा हळदकुंकू वाहिलं ते रुचिताने. ही दीड वर्षापूर्वी लागलेली टेक्निशियन, मुलगी हुशार, पण हात सढळ. तेव्हा सोमवारी काकांना नळीत डाग दिसल्याबरोबर निदान तयार होतं: कुंकवाचा कण आत गेला. रुचिता म्हणाली, मी कुंकू फक्त खालच्या पायाला लावलं. काका म्हणाले, कण उडतो. एकतीस वर्षांच्या माणसापुढे दीड वर्षाच्या माणसाने किती बोलावं, याचा हिशोब सगळ्या ऑफिसांमध्ये सारखाच असतो.

म्हणून कॅमेरा. त्या कणाचा फोटो काढून रुचिताच्या हातात ठेवायचा होता. मॅडमना त्यांनी सांगितलं, घरी नेऊन नीट साफ करतो. त्यानंतर दर शनिवारी तो मायक्रोस्कोप लाकडी पेटीत बसून कोपरला यायचा आणि सोमवारी परत नौपाड्याला जायचा. दुसरा मजला चढेपर्यंत काका दोनदा थांबायचे. पेटी खाली ठेवायचे, वर बघायचे, पुन्हा उचलायचे. पेटी जड नव्हती. मी उचलून बघितली होती.

कॅमेरा लावायचा म्हणजे काय, हे आधी आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, फक्त काकांना ते मान्य नव्हतं. मी लेन्स काढली. लेन्सच्या जागी धूळ जाऊ नये म्हणून जे प्लॅस्टिकचं झाकण बसतं, त्याला मधोमध भोक पाडलं. त्या भोकात वीतभर पीव्हीसी पाइप बसवून एम-सील भरलं आणि उजेड चमकू नये म्हणून आतून काळा कागद गुंडाळून घातला. हा पाइप नळीच्या वरच्या भिंगावर बसवायचा. तो सैल झाला, तर काकांनी लॅबची चिकटपट्टी काढली, सलाइनची सुई हातावर धरून ठेवते ती, आणि भिंगाच्या कडेला चार वेढे दिले. बसला. पण कॅमेऱ्याच्या वजनाने नळी आपोआप खाली सरकायला लागली. आत्ता स्पष्ट दिसतंय म्हणेपर्यंत धुकं.

त्याच्यावर तोड काढली नीला काकूंनी. त्या चहा घेऊन आल्या, आमच्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "ओझं वरून धरा की." छताला कपडे वाळत घालायची दांडी होती, दोरीने वर-खाली होणारी. काकूंनी तिच्यावरचे टॉवेल काढले, कॅमेऱ्याचा पट्टा अडकवला आणि दोरी ओढून हवा तेवढा वर घेतला. लग्नात नवऱ्यामुलाच्या डोक्यावर फिरणारा माझा कॅमेरा काकांच्या बनियनशेजारी लटकला. पण नळी सरकायची थांबली.

पहिला फोटो कोऱ्या काचपट्टीचा. त्यात कण स्वच्छ दिसेल, हा काकांचा बेत. लॅपटॉपवर उघडला, तर पांढरं शुभ्र वर्तुळ. मी मोठं करून बघितलं. काही नाही. काकांनी कॅमेरा बाजूला करायला लावला, डोळा नळीला लावला, आणि म्हणाले, आहे. पुन्हा फोटो. पुन्हा नाही.

"तुझा कॅमेरा बारीक धूळ पकडत नाही," काका म्हणाले.

मी म्हणालो, शक्य आहे, लग्नातही तो नेमका हार घालतानाचा क्षण पकडत नाही. ते हसले नाहीत.

नव्या पोरांना शिकवताना काकांची एक रीत होती, ती त्यांनी त्या दिवशी मलाही सांगितली. डाग दिसला की आधी वरचं भिंग फिरवायचं. डाग सोबत फिरला तर घाण त्याच्यावर. नाही फिरला तर काचपट्टी सरकवायची. तीही नाही, तर खालचं भिंग बदलायचं. तीन पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. त्यांनी माझ्यासमोर तिन्ही पायऱ्या केल्या. डाग हलला नाही. मी सहज विचारलं, चौथी पायरी कुठली?

"चौथी नाही," ते म्हणाले, आणि लेन्स पेपरने भिंग पुसायला लागले. त्या दिवशी त्यांनी ते भिंग सात वेळा पुसलं. मी मोजत होतो, कारण दुसरं काम नव्हतं.

त्यानंतर छंद खरोखरच सुरू झाला. कण सापडेपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून आम्ही कांद्याचा पापुद्रा बघितला, मिठाचा खडा बघितला, डासाचा पंख बघितला, खाडीवरून आणलेल्या चिखलातले काचेसारखे बारीक जीव बघितले. फोटो बरे येत. मागच्या रुळांवरून मालगाडी गेली की बिल्डिंग थरथरायची आणि डासाला चार पंख यायचे. तेव्हा गाडी जाईपर्यंत सगळे हात मांडीवर ठेवून बसायचो. काका प्रत्येक काचपट्टीवर नंबर टाकायचे आणि वहीत नोंद करायचे, लॅबच्या सवयीने, सगळे रकाने भरून. नमुना: कांदा. वय: माहीत नाही. तक्रार: नाही. रेफर्ड बाय: नीला. मी विचारलं, कांद्याला उपाशीपोटी बोलावलं होतं का? म्हणाले, कांद्याला लागत नाही.

काकूंना मात्र नळीतून कधीच काही दिसलं नव्हतं. लग्नानंतर काकांनी त्यांना लॅबमध्ये नेऊन मोठ्या हौसेने डोळा लावायला सांगितला होता. त्यांना काळे केस दिसले. ते त्यांच्याच पापण्यांचे होते. नवख्या माणसाचं तसंच होतं, पण काकूंनी पुन्हा डोळा लावला नाही. "तीस वर्षं हे माझ्या पापण्या बघून पगार आणतात," असं त्या पाहुण्यांना सांगत.

मी पहिल्या रविवारीच काय ते समजलो होतो. काकूही समजल्या असाव्यात. पण त्या दिवसांत काका नौपाड्याहून आले, की खुर्चीत बसून बूट काढायलाही दहा मिनिटं घेत. अशा माणसाला आणखी एक गोष्ट कोण सांगणार? लॅबमध्ये काम चालू होतं. डागाच्या आड येणारी पेशी बघायला काका काचपट्टी केसभर बाजूला सरकवून डोळ्याच्या कडेने बघत. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, चपलेचा अंगठा तुटला तर पाय ओढत चालतो, तसं.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पेटीबरोबर एक काचपट्टी आली, कागदात गुंडाळलेली. रविवारी दुपारी काका मला म्हणाले, आज हिचा फोटो घ्यायचा. मग हळूहळू सांगितलं. शुक्रवारी एका तापाच्या माणसाची काचपट्टी त्यांनी बघितली आणि मलेरिया नाही म्हणाले. रुचिताने ती मागे ठेवून पुन्हा बघितली. मग मॅडमकडे न जाता ती काकांच्या टेबलाशी आली आणि एवढंच म्हणाली, "काका, ही परत एकदा बघता का?" काकांनी बघितलं. नाही म्हणाले. तिने त्यांच्या खांद्यावरून हात घालून काचपट्टी जराशी सरकवली. मग दिसलं. रिपोर्ट बाहेर जायच्या आत तिनेच बदलायला लावला, आणि मॅडमना कोणी काही बोललं नाही.

"मी हिला दोन महिने कुंकवाबद्दल बोलतोय," काका म्हणाले.

आम्ही काचपट्टी लावली, तेलाचा थेंब टाकला, काकूंनी दोरी ओढून कॅमेरा वर धरला. गाडी जाऊ दिली. फोटो घेतला आणि लॅपटॉप फिरवून काकांसमोर ठेवला. गुलाबी गोल पेशींची रांगोळी, आणि बरोबर मधल्या पेशीत निळसर, बारीक, एका बाजूला खडा असलेली अंगठी. मलेरियाचा जंतू तसाच दिसतो, हे मला तोवर पाठ झालं होतं. पण बोलल्या त्या काकू, दोरी हातात धरूनच.

"अहो, ती अंगठीसारखी दिसते ती का?"

काका लॅपटॉपकडे बघत होते. मान किंचित वळवून, कडेने. मग त्यांनी मला कॅमेरा काढायला लावला आणि उजवा डोळा नळीला लावला. काचपट्टी हलवली नाही. बराच वेळ तसेच बसले. मग डोकं थोडं सरकवून, चुकीच्या बाजूने बसमध्ये चढल्यासारखं अवघडून, डावा डोळा लावला.

"हो," ते म्हणाले. "तीच."

काकूंनी दोरी खुंटीला बांधली. मी विचारू की नको करत होतो, तर काका स्वतःच म्हणाले, "ही चौथी पायरी. डोळा बदलायचा. मला माझ्या सरांनी शिकवली होती. मी पोरांना सांगायचो नाही, वेळ वाया जातो म्हणून."

सोमवारी ते पेटी घेऊन गेले आणि आधी मॅडमकडे गेले. आजपासून माझ्या शब्दावर सही करू नका, म्हणाले, आणि शुक्रवारची काचपट्टी पुढे ठेवली. मॅडमनी ती स्वतः बघितली. मग दसऱ्यापासूनच्या सगळ्या काचपट्ट्या काढायला सांगितल्या. त्या आठवड्यात मॅडम आणि रुचिताने मिळून त्या सगळ्या पुन्हा बघितल्या. आणखी काही निघालं नाही. काका म्हणाले, निघालं नाही हे माझं कौतुक नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याच्या मधोमध बिघाड सांगितला, इंजेक्शनं दिली, आणि सांगितलं की आहे ते टिकेल, गेलेलं येईल असं धरू नका. आता लॅबमधला डोळा रुचिताचा. दोन नळ्यांच्या मायक्रोस्कोपचं कव्हर निघालं. काका तिच्या शेजारी बसून वही लिहितात. कुंकवाबद्दल तिची माफी मागायला त्यांना आणखी दोन आठवडे लागले. ती म्हणाली, पुढच्या खंडेनवमीला तुम्हीच लावा. म्हणजे कण उडाला तर तुमचा.

जुना मायक्रोस्कोप मॅडमनी त्यांना देऊन टाकला. तो आता कायमचा कोपरला आहे. रविवारी काका डाव्या डोळ्याने बघायला शिकतायत. पण मग उघडा राहतो तो उजवा, वहीकडे. त्यामुळे लिहिताना शब्दाचं मधलं अक्षर त्यांना दिसत नाही आणि ओळी जिन्यासारख्या उतरत जातात. मी परवा वही चाळत होतो. कांदा, मीठ, डास, चिखल, आणि मग एक वाकडी नोंद. नमुना: उजवा डोळा. वय: अठ्ठावन्न. तक्रार: डाग. रेफर्ड बाय: रुचिता. निदानाचा रकाना त्यांनी भरला होता, पण तिथे दोन अक्षरं एकावर एक पडल्यामुळे मला ते वाचता आलं नाही.

कॅमेरा अजून त्यांच्याच दांडीला लटकतोय. काकू त्याच्या दोन्ही बाजूंनी टॉवेल वाळत घालतात. लग्नाची ऑर्डर आली तर उतरवावा लागेल. अजून तरी आलेली नाही.