गिझरच्या वरची काजळी

वैशाखरे गावातल्या त्या बंगल्यात मी पहिल्यांदा शिरले तेव्हा आधीचा भाडेकरू जाऊन आठवडा झाला होता. जेवणाच्या टेबलावर चहाचा कप तसाच होता, तळाला बुरशी धरलेली. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता. कपाटात इस्त्री केलेले दोन शर्ट टांगलेले. सामान बांधून गेलेल्या माणसाचं घर असं दिसत नाही. हा माणूस नुसता उठून निघून गेला होता.

माझं काम याद्या करण्याचं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यात ठाणे-मुंबईच्या लोकांनी हौसेनं बांधलेले बंगले आहेत. हौस फिटली की ते अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं देतात. भाडेकरू येण्याआधी आणि गेल्यावर घरातली एकूण एक वस्तू तपासून लिहून ठेवायची, फोटो काढायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. म्हणजे पुढं गादीवरचा डाग कुणाचा यावरून भांडण होत नाही. पूर्वी मी शहापूरला एका एजंटच्या ऑफिसात टायपिंग करायचे. ते बंद पडल्यावर हेच काम स्वतंत्रपणे करायला लागले. स्कूटर, टॉर्च, मोजपट्टी आणि फोन, एवढ्यावर चालतं.

त्या दिवशी माझ्याबरोबर घर झाडायला येणाऱ्या मावशी होत्या. वरच्या पाड्यावर त्यांची भाताची आणि नाचणीची थोडी शेती होती. त्या ओटीवरच उभ्या राहिल्या.

"आत या ना मावशी, किल्ल्या कुठल्या कुठल्या ते दाखवा."

"नको बाय. आमी झाडू मारताव नि भायेर येताव. त्या घरात कोण टिकत नाय."

"का?"

"डोकी धरतात. त्या म्हाताऱ्या साहेबाला सकाळी सकाळी चक्कर यायची. त्याच्या आधी बाय रव्हायची, तिला पन तसाच. काय तरी हाय तिथं."

मी हसले. रिकाम्या बंगल्यांबद्दल असं सगळीकडे बोलतात. मात्र बाथरूममध्ये गेले आणि हसू गेलं. आत भिंतीवर गॅसवर चालणारा गिझर होता. त्याच्या वर, छतापर्यंत, काजळीचा काळा पट्टा उठला होता. समोरची छोटी खिडकी आतून प्लायवूड ठोकून बंद केलेली. हवा जायला बोटभर फट नव्हती.

मला विज्ञान फारसं कळत नाही. पण आटगावला एका घरात गिझर बसवणाऱ्या माणसानं एकदा सांगितलं होतं, की ज्योत पिवळी झाली आणि काजळी धरली तर समजायचं, गॅस नीट जळत नाही आणि माणसाच्या वाट्याची हवा तो खातोय. मी फोटो काढला आणि यादीत लिहिलं: 'गॅस गिझर, बाथरूमच्या आत. वर काजळी. खिडकी पूर्ण बंद. वापरणं धोक्याचं.'

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. डोंबिवलीचे निवृत्त गृहस्थ, बोलायला मऊ.

"मॅडम, यादी छान केलीत. ते गिझरचं वाक्य तेवढं काढा."

"साहेब, खिडकीचं प्लायवूड तरी काढून घ्या."

"त्या खिडकीतून साप आला होता. आमची मिसेस तेव्हापासून त्या बाथरूममध्ये गेली नाही, म्हणून मी स्वतः ठोकलं ते. आणि गिझर चार वर्षं चालतोय. तुम्ही सामान लिहा, चालू आहे की बंद ते लिहा. सल्ला कशाला?"

त्यांच्याच ओळखीतून मला धसई आणि सरळगावच्या बाजूची पाच घरं मिळाली होती. मी ते वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं: 'गॅस गिझर, एक. चालू स्थितीत.' लिहिताना स्वतःला समजावलं, की माझं काम वस्तू लिहिण्याचं, घर कसं वापरायचं ते सांगण्याचं नाही.

दिवाळी झाल्यावर नवे भाडेकरू आले. नवरा घाटाकडच्या रस्त्याच्या कामावर सुपरवायझर, बायको तिशीची, आणि पहिलीत जाणारी मुलगी. मी ताबा द्यायला गेले. बाथरूमची भिंत पांढरीशुभ्र रंगवलेली होती. काजळीचा मागमूस नव्हता. प्लायवूड जागच्या जागी होतं, त्यालाही तोच रंग फासलेला.

यादी वाचत आम्ही खोल्या फिरत होतो. मुलगी प्रत्येक वस्तूला हात लावून "हे आहे" म्हणायची आणि मी खूण करायचे. तिला तो खेळ वाटत होता. बाथरूमपाशी तिची आई थांबली.

"ताई, पाणी लगेच गरम होतं का हो? हिला थंडी सोसत नाही."

"हो," मी म्हणाले. "लगेच होतं."

मुलीनं गिझरकडे बोट दाखवून "हे आहे" म्हटलं. मी खूण केली. तिच्या आईनं सही केली.

परत येताना किन्हवलीच्या अलीकडे मी स्कूटर थांबवली आणि उगाच उभी राहिले. भाताची कापणी झाली होती, शेतं मोकळी पडली होती. मुलीच्या आईला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण फोन केला तर ती मालकांना विचारणार, मालक मला विचारणार. मी गाडी सुरू केली.

त्या वर्षी थंडी जरा जास्तच पडली. डिसेंबरात एका दुपारी त्या मुलीच्या आईचाच फोन आला. यादीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, ते आधीच तसं होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, सेल बदलून बघा. मग सहज विचारलं, बाकी बरं आहे ना.

"बरं आहे. फक्त इथं आल्यापासून सकाळचं डोकं फार जड होतं. परवा हिला आंघोळीनंतर उलटी झाली. मावशी म्हणतात घराची दृष्ट काढा. हे हसतात, पण मी काढली." मग तिनं विचारलं, "तुम्हाला काही माहीत आहे का ताई, या घराबद्दल?"

मला सगळं माहीत होतं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "खिडक्या उघड्या ठेवत जा. आणि बाथरूमचं दार अगदी घट्ट लावू नका."

"या थंडीत?" ती हसली.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकाला लागले, पण डाळीत दोनदा मीठ घातलं. जुना फोटो उघडून पाहिला. त्यात काजळी होती तशीच होती. माझा नवरा म्हणाला, काय झालं? त्याला सांगताना, बोललेलं ऐकताना, मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. तो म्हणाला, "मग सांग ना तिला. आत्ता सांग." मी फोन लावला. लागला नाही. तिकडे रेंज येते नि जाते. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सकाळी जाऊनच सांगू असं ठरवलं.

सकाळी लवकर निघाले. वाटेत सगळीकडे धुकं. सरळगावच्या पुढं तर समोरच्या एसटीचा दिवासुद्धा जवळ आल्यावर दिसला. बंगल्यापाशी पोचले तेव्हा साडेआठ होत आले होते. मुलगी दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेली, एकाच पायात बूट.

"शाळेत नाही गेलीस?"

"रिक्षावाले काका हॉर्न वाजवून गेले. आई आंघोळ करते."

"कधीपासून?"

तिनं खांदे उडवले. बाबा सहालाच कामावर गेले होते. आतून पाण्याचा आवाज येत होता.

मी बाथरूमच्या दारावर थाप मारली. हाक मारली. पाणी पडतच होतं. दाराखाली जुन्या साडीचं फडकं कोंबलेलं होतं, थंड वारा येऊ नये म्हणून. ते मी ओढून काढलं आणि आतून जी कोंदट, ओली ऊब पायांवर आली, ती मला आजही जाणवते. आतली कडी स्टीलची होती, पक्की. मीच तशी लिहिली होती.

मावशी तेवढ्यात कामावर आल्या होत्या. मी ओरडले, "खिडकी फोडा, बाहेरून." त्या बंगल्याच्या मागं धावल्या. त्यांच्याकडे कोयता होता. घराला भिणाऱ्या त्या बाईनं काचेवर आणि प्लायवूडवर कोयता घातला तो मला आत ऐकू येत होता. मी आधी मागच्या बाल्कनीत जाऊन गिझरचा सिलिंडर बंद केला. मग स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून दाराच्या कडीच्या बाजूवर घालायला लागले. चौथ्या की पाचव्या घावाला स्क्रू सुटले.

ती फरशीवर एका कुशीवर पडली होती. केस अर्धे धुतलेले. चेहरा पांढरा असेल असं मला वाटलं होतं, तो लालसर होता, झोपलेल्या माणसासारखा. आम्ही दोघींनी तिला चादरीत गुंडाळून ओटीवर ओढत आणलं. मग मावशींनी मुलीला पाठमोरी धरून ठेवलं. मुलगी रडत नव्हती. "आई उठत का नाही" एवढंच विचारत होती, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा.

तिचा श्वास चालू होता. नाक्यावरची जीप मिळाली. तोकावड्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि तिथून कल्याणला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गॅस नीट न जळता निघणाऱ्या या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप येतेय असं वाटतं. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर उपयोग नव्हता.

संध्याकाळी तिचा नवरा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. कपड्यांवर डांबराचे डाग तसेच होते. त्यानं आधी माझे आभार मानले. वेळेवर पोचलात, म्हणाला, देवासारख्या आलात.

"ताई, एक विचारू? तुम्ही आज कशा काय आलात? आज तर काही काम नव्हतं तुमचं."

मला खोटं बोलता आलं असतं. घड्याळ बघायला आले असं म्हणता आलं असतं, त्याला खरंही वाटलं असतं. मी फोन काढून तो फोटो त्याला दाखवला. काजळीचा, रंगाच्या आधीचा. आणि पहिली यादीही दाखवली, ज्यात ते वाक्य होतं.

त्यानं दोन्ही नीट वाचलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आम्ही सही केली तेव्हा?"

"हो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून आत गेला. मुलगी बाकावर झोपली होती, तिला उचलून बरोबर घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

ती वाचली. पण पुढचे काही महिने तिला साध्या शब्दांसाठी अडायला व्हायचं. घर सोडताना ती खाटेकडे बोट दाखवून थांबली आणि मुलीनं तिला शब्द सांगितला. त्या घराची शेवटची यादी मीच केली. तिनंच मला बोलावलं होतं. तिचा नवरा अंगणात उभा राहिला, आत आला नाही. ती मात्र माझ्याबरोबर खोल्यांतून फिरली. बाथरूमपाशी आल्यावर म्हणाली, "तुम्ही फोनवर दाराचं म्हणाला होतात. मी हसले." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

मालकांनी पोलिसांना माझी यादी दाखवली होती. चालू स्थितीत, भाडेकरूची सही. मी पहिली यादी आणि फोटो नेऊन दिला. माझ्या जबाबात, मी वाक्य काढलं हेही सांगितलं. मालकांचा मला एकच फोन आला. आवाज तसाच मऊ होता. "तुम्ही स्वतःच्याच हातानं लिहिलंत ना, मॅडम," ते म्हणाले. ते खरंच होतं. ओळखीची ती पाच घरं गेली. आणखी दोन-तीन मालकांनी बोलावणं बंद केलं. चौकशी अजून चालू आहे. बंगल्याला कुलूप आहे आणि मावशी अजूनही ओटीवरूनच परत फिरतात. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तो गॅस असंल बाय. पन त्याला तिथं घातला कोनी?"

यंदा थंडी पडायला लागली तशी मी जुन्या याद्यांच्या फायली काढून बसले. कुठं कुठं गिझर आत आहे आणि खिडकी नाही, ते शोधायला. अकरा घरं निघाली. यातल्या प्रत्येक ठिकाणी माझ्याच अक्षरात 'चालू स्थितीत' आहे. मी एकेकाला फोन करतेय. काहींनी लगेच प्लंबर बोलावला. एक बाई रागावल्या, तुम्ही कोण सांगणाऱ्या म्हणून. डोळखांबच्या वरच्या बंगल्यात एक वयस्कर जोडपं राहतं. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण इथं फार गारठा आहे हो. हिची आंघोळ होऊ दे, मग बघतो."

मी म्हटलं, आत्ता बघा. दार उघडायला सांगा त्यांना, मी फोन धरून थांबते. पण तोवर फोन कट झाला होता. पुन्हा लावला तर लागत नव्हता. माझ्या नवऱ्यानं न विचारता स्कूटरची किल्ली माझ्यापुढं ठेवली.