नानांच्या वाटेवर पेरलेलं बी

नवरात्र संपून पाऊस ओसरला, की हिरवळीच्या विरळ जागी नवं बी टाकावं. जमिनीत ऊब असते आणि पहाटे दव पडू लागतं. माझ्या हिरवळीत एकच जागा उघडी पडली आहे. कुंपणातल्या फटीपासून व्हरांड्यापर्यंतची तिरकी पट्टी. शेजारचे नाना संध्याकाळच्या चहाला फाटकातून कधी आलेच नाहीत.

"नाना, गवत मरतंय हो!" मी ओरडायचो.

"मरू दे. चहा निवतोय," म्हणत ते खुशाल तुडवत यायचे.

उन्हाळ्यात नाना वारले. पावसाळाभर सगळीकडे गवत माजलं, तेवढी पट्टी मात्र बोडकीच राहिली.

काल ती दाताळ्याने खरवडली, बी फेकलं, वर चाळलेलं शेणखत भुरभुरलं, झारीने हलकं पाणी दिलं. बी रुजेपर्यंत तिथे कुणाचा पाय पडता कामा नये, म्हणून चारी बाजूंनी सुतळी बांधली. काम अगदी चोख झालं.

मग चहा घेऊन व्हरांड्यात बसलो. सुतळीकडे बघता बघता वाटलं, ही मी बांधली तरी कुणासाठी? इथून येणारं आहे कोण?

चहा निवत होता. तसाच उठलो आणि कुंपणाकडची सुतळी सोडून आलो.