मिशी चिकटवताना

सांगलीत मी वीस वर्षं नाटकातल्या नटांना रंगवतोय, पण मिशी चिकटवताना ज्याचा ओठ जराही हलत नाही, असा नट एकच. अर्थात तो पिऊन आलेला असतो. तोंडात लवंग, डोळे मिटलेले. या पिण्यापायी त्याच्या हातच्या दोन मालिका गेल्या, तरी स्टेजवर त्याचा एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

परवा कोरेगावच्या प्रयोगात त्याला दारुड्याचं काम होतं. मिशी काही बसेना. त्याचा ओठ थरथरत होता, हातही. दोन दिवस त्यानं थेंब घेतला नव्हता.

मी म्हणालो, "दादा, घोटभर घ्या. हात थांबतील."

"न्हाई गड्या. प्यालेला माणूस कुनीबी दावतंय. मला दारू न मिळालेला दावायचाय."

शेवटच्या प्रवेशात तो जेवायला बसला आणि पाण्याचा पेला उचलायला गेला. पेला ताटाच्या काठावर वाजत राहिला. अख्खा मांडव तेवढा एकच आवाज ऐकत होता. पहिल्या रांगेतला म्हातारा मला विंगेत ऐकू येईल असं पुटपुटला, "आज लय प्यायलाय ह्यो."

आत आल्यावर त्यानं विचारलं, "काय म्हनत हुती लोकं?"

मी म्हाताऱ्याचं बोलणं सांगितलं. "थेंब न घेता!" म्हणत बक्षीस मिळाल्यासारखा तो हसला. मग त्यानं पिशवीतली बाटली उघडली. थोड्या वेळानं मी मिशी सोडवली, तेव्हा त्याचा ओठ जराही हलला नाही.