दोघी बायकांचं घर

सौदी बायका म्हणजे काळ्या कपड्यात गुंडाळलेल्या, बिचाऱ्या, मुक्या, असं लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या मराठी मंडळात कुणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी त्यांच्यातल्या एकीच्याही हातची कॉफी प्यायली नाही, त्यांनी कशाला तोंड वाजवावं? मी प्यायले आहे. जवळजवळ वर्षभर प्यायले. आणि एवढं करून शेवटी जी माती खायची ती मीच खाल्ली, म्हणजे खरं तर मीही गप्पच बसायला हवं. पण आता वय झालंय, पोटात ठेवून कुठे जाणार आहे मी?

माझे यजमान इथल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचे डॉक्टर होते. एकेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मुलगी तेरा वर्षांची. मी एका सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनिस्टचं काम धरलं आणि हॅरोजवळचं आमचं पिनरचं घर कसंबसं टिकवलं. सासरचे म्हणाले परत ये, माहेरचे म्हणाले मुलीचं शिक्षण होऊ दे, मग बघू. कुणी तिकीट पाठवलं नाही, त्यामुळे प्रश्न आपोआप सुटला.

पुढच्या संक्रांतीला मंडळाच्या एका बाईंचा फोन आला. चर्चच्या हॉलमध्ये हळदीकुंकू आहे, तू जरूर ये, चहाचं बघायला आपलं माणूस हवं. मी गेले. किचनच्या खिडकीतून चाळीस बायकांचा चहा मी बाहेर दिला. मग ओळीत येऊन बसले. कुंकवाची कुयरी माझ्या डावीकडच्या बाईपाशी आली, आणि तिथून उजवीकडच्या बाईपाशी गेली. मध्ये मी होते. सगळ्या शिकलेल्या, दोघी तर डॉक्टर. वाण मात्र मिळालं हं, प्लॅस्टिकचा डबा. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण माझं कपाळ चुकवून गेलेलं ते बोट मला जास्त लागलं, हे मी आज उघड सांगते.

त्यानंतर शेजारच्या घरात सौदी कुटुंब राहायला आलं. नवरा स्कॉलरशिपवर लंडनला पीएचडी करत होता. बायको माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. त्यांच्यात बाईला नावानं हाक मारत नाहीत, थोरल्या मुलाची आई म्हणून मारतात. ती मला माझ्या मुलीची आई म्हणायची. तिची थोरली लेक माझ्या मुलीच्याच वर्गात आली. दोघी एकमेकींना अशा चिकटल्या की पोरी नक्की कुठे जेवल्या हे कुंपणावरून विचारावं लागे. आमचं दोघींचं दुभाषाचं कामही तीच लेक करायची, कारण तिच्या आईचं इंग्रजी चार वाक्यांत संपायचं.

मे महिन्यात त्यांची ईद आली. सकाळी आठला ती मला हाताला धरून घेऊन गेली. पुरुष मागच्या खोलीत, बायका पुढच्या. आत गेले आणि बघतच राहिले. काळे बुरखे दाराशी खुंटीला, आणि आत एकेक बाई अशी नटलेली की आमच्या मंडळाच्या बायकांनी तोंडात बोट घातलं असतं. गालाला गाल लावून, खांद्यावर हात ठेवून, आईची, मुलीची, कामाची, तब्येतीची अशी पाच मिनिटं नुसती विचारपूस. मग खजूर आणि ती पिवळसर, वेलदोड्याची, बिनसाखरेची कॉफी. कप भातुकलीतल्यासारखा, कान नसलेला. तो रिकामा झाला की भरायचा, रिकामा झाला की भरायचा. नको म्हटलेलं कुणाला ऐकूच येत नाही. आठव्या कपाला पोरीनं माझ्या कानात सांगितलं, काकू, कप असा हलवून परत द्या, म्हणजे पुरे. आधी सांगायला काय झालं होतं गं कार्टे, म्हटलं. सगळ्या हसून लोळल्या.

हळूहळू मला बऱ्याच गोष्टी कळत गेल्या. घरातल्या वस्तूची तारीफ करायची नाही, नाहीतर ती वस्तू आपल्या घरी येते. मी एका थर्मासची केली होती, तो अजून माझ्याकडे आहे. निखाऱ्यावर उदाचं लाकूड टाकून धूर फिरवला की उठायचं, निरोपाची ती खूण. आमच्याकडे दारात उभं राहून तासभर निरोप चालतो, त्यापेक्षा हे बरं. मला वाटायला लागलं की मला आता त्यांचं सगळं समजतं. सर्जरीत कुणी अरब बाई आली की मी पुढे होऊन सांगायची, थांबा, मला माहितीये त्यांची पद्धत. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

शरद ऋतूत शेजारणीला मुलगा झाला. बाळंतपणासाठी सासू गावाहून आली. वाळवंटातल्या जुन्या घराण्यातली, ताठ, हनुवटीवर गोंदण, शब्द मोजून बोलणारी बाई. सातव्या दिवशी बाळाचं जावळ काढलं, बकरा कापून वाटे केले. मला शाकाहारी म्हणून वेगळा भात. बायकांनी डफ वाजवला, जिभा हलवून ते त्यांचे आनंदाचे चीत्कार काढले. आणि मग मेंदी आली. शेजारणीनं माझा हात ओढला. मी मागे घेतला. पोरीला म्हटलं, सांग तुझ्या आईला, माझा नवरा गेलाय. तिनं सांगितलं. सासूनं विचारलं, केव्हा? दोन वर्षं होत आली. म्हातारी म्हणाली, आमच्यात चार महिने दहा दिवस पाळायचे, मग बाई मोकळी. मेंदी लावावी, अत्तर लावावं, मनात असेल तर लग्न करावं. कोपऱ्यातून कुणीतरी आपल्या विधुर भावाचं स्थळ सुचवलं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मग थांबेना. म्हातारीनं माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि मेंदी पुरी होईपर्यंत सोडला नाही.

जानेवारीत पुन्हा मंडळाचा फोन आला. चहाचं बघायला. मी बरं नाही म्हणून सांगितलं आणि दिवसभर घरात धुसफुसत राहिले. त्याच्या तीन-चार आठवड्यांनंतरची ही गोष्ट.

रविवारी दुपारी शेजारीण आणि तिची सासू आमच्याकडे आल्या. आधी निरोप पाठवून, समारंभाला यावं तशा तयार होऊन. पोरीला घरीच ठेवली होती. माझी मुलगीही नेमकी लायब्ररीत गेलेली. मला कोण आनंद झाला. म्हातारी पहिल्यांदाच माझ्या उंबऱ्याच्या आत येत होती. मी नवीन कपबशा काढल्या, आपली कॉफी केली, दुधाची, जायफळ घातलेली. चिवडा, बेसनाचे लाडू मांडले.

म्हातारीनं कप घेतला. बशीसकट समोरच्या टेबलावर ठेवला. सुनेनं तिच्याकडे बघितलं आणि आपलाही ठेवला. मी म्हटलं, घ्या ना, गार होईल. शेजारीण इंग्रजीत म्हणाली, नंतर, बहिणी, नंतर. हात मांडीवर, दोघी माझ्याकडे बघत बसलेल्या. मी लाडू पुढे केले. नाही. पुन्हा कॉफी पुढे सरकवली. म्हातारीनं मान हलवली, छातीला हात लावला आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

आमच्या साताऱ्याकडे एखाद्याच्या घरचं पाणीही घ्यायचं नसेल तर त्याचे अर्थ दोनच. एक तर वैर, नाहीतर विटाळ. वैर काही नव्हतं. मग माझ्या मनात आलं, हिच्या घरी मी पाहुणी होते तोवर ठीक होतं, पण विधवेच्या घरचं तोंडात घालायचं म्हटल्यावर हिचाही हात आखडला. सगळ्या सारख्याच मेल्या. तिथे कुयरी चुकवली, इथे कप चुकवला. तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, दोघींच्या पुढचे भरलेले कप उचलले, आत नेले आणि त्यांना दिसेल असे सिंकमध्ये ओतले.

बाहेर आले तेव्हा म्हातारी उभी होती. चेहरा उतरलेला, पण राग नाही. तिनं सुनेला दोन शब्द सांगितले, अंगावरचा काळा अबाया सारखा केला, मला सलाम केला आणि गेली. शेजारीण दारात घुटमळली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं. मी दार लावून घेतलं.

मार्चमध्ये ती सगळी मंडळी सौदीला परत गेली. निघायच्या आदल्या दिवशी खजुरांचं ताट आलं. मी वरच थांबले, दार मुलीनं उघडलं. ती खाली किती वेळ रडत होती ते मी ऐकत होते. मैत्रीण गेली, होतंच असं, म्हटलं. त्या उन्हाळ्यात मुलीनं परीक्षा दिली, चांगले ग्रेड मिळवले आणि माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. बापाविना वाढणारी पोर, वय अवघड, असं मी लोकांना सांगत असे. पुढे ती युनिव्हर्सिटीला गेली, बेसिंगस्टोकला कम्प्युटरच्या नोकरीला लागली. तिथून पिनर काही लांब नाही, पण ती दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला येई. दोन्ही दिवस घड्याळ बघत.

सहा-सात वर्षांनी माझ्या सुट्टीच्या एका बुधवारी बेल वाजली. दारात एक तरुण बाई, डोक्यावरून काळा रुमाल, कडेवर मूल. काकू, म्हणाली. माझी दुभाषी! आईचं ऑपरेशन होतं म्हणून सगळे लंडनला आले होते. मी तिला आत घेतलं, चहा दिला. तो ती घटाघटा प्यायली. ते बघून माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, तुझ्या आजीनं तर माझ्या घरची कॉफी शिवली नव्हती.

तिनं मूल मांडीवरून खाली ठेवलं. मग तिनं जे सांगितलं ते असं. वडिलांची स्कॉलरशिप मार्चमध्ये संपत होती आणि तिची जीसीएसई, सोळाव्या वर्षीची ती मोठी परीक्षा, मे-जूनमध्ये होती. परीक्षा बुडली तर गावच्या शाळेत दोन वर्षं खाली बसवणार. तिला फार्मसिस्ट व्हायचं होतं. महिनाभर घरात वाद चालला, शेवटी वडील कबूल झाले, एकाच अटीवर. मुलगी राहील ती माझ्याकडे. इथे त्यांच्या ओळखीची घरं पुष्कळ होती, पण प्रत्येक घरात पुरुष होता. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा वाढलेला मुलगा. नुसत्या आई-मुलीचं, पुरुष नसलेलं घर अख्ख्या लंडनमध्ये त्यांना एकच माहीत होतं.

आणि एवढी मोठी गोष्ट मागायची तर घरातल्या थोरल्या माणसानं मागायची, म्हणून आजी आली. त्यांच्यात मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफी पीत नाही. कप समोर ठेवून थांबतो. यजमानानं विचारायचं, काय हवंय तुम्हाला? प्या, तुमचं काम झालं समजा. मग तो पितो. आणि यजमानानं कप उचलून नेला, की ते उत्तर.

"आजीनं आम्हाला ताकीद दिली," ती म्हणाली, "की त्या बाईंना पुन्हा विचारायचं नाही आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. एकट्या बाईला तिच्या अडचणी असतात."

आजी आता नव्हती. ती स्वतः गावी एक टर्म लहान मुलींच्या बाकावर बसली, मग शाळा सोडली, मग लग्न झालं. नवरा चांगला आहे, म्हणाली. पोरं गोड आहेत. तिनं एकदाही तक्रार केली नाही, आणि मला वाटत होतं की हिनं मला दोन शिव्या घालाव्यात. माझ्या ज्या कपाळाला आमच्या बायका बोट लावायला भीत होत्या, त्याच कपाळामुळे त्या लोकांनी आपली वयात आलेली लेक माझ्या पदरात घालायला आणली होती. अन् मी आंधळी, हलकट डोक्याची, दार लावून घेतलं.

ती गेल्यावर मी बेसिंगस्टोकला फोन लावला. मुलीला सगळं सांगितलं, भरभर, रडत.  मी विचारलं, तुला माहीत होतं?

तिला सगळंच माहीत होतं. बेत दोघींचा होता. बिछाना कुठे घालायचा, अभ्यासाला टेबल कुठलं, सगळं ठरलं होतं. त्या रविवारी ती मुद्दाम लायब्ररीत जाऊन बसली होती, मोठ्या माणसांच्या बोलण्यात आपण नको म्हणून. सोमवारी शाळेत मैत्रिणीनं तिला सांगितलं, तुझी आई नाही म्हणाली.

"मला वाटलं, तुला नको होती ती," मुलगी म्हणाली. "तेव्हा मी ठरवलं, आपण पण आईकडे काही मागायचं नाही."

"अगं, पण मला एकदा विचारायचंस तरी," मी म्हटलं. "नुसतं विचारायचंस."

पलीकडे ऑफिसात कुणाचा तरी दुसरा फोन वाजत होता. 

"आई," ती म्हणाली, "तू विचारलंस त्यांना?"