तामणाच्या पाटीखालची मेंदी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कॉलनीच्या बागेत झेंड्याच्या खांबाशेजारी 'तामण : महाराष्ट्राचं राज्यपुष्प' अशी पाटी असलेलं जे झाड आहे, ते मेंदीचं आहे. आणि हे मला ते लावल्यानंतरच्या आठवड्यातच कळलं होतं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. त्यामुळं झाड आणायचं काम माझ्याकडं आलं. जालना रोडवरच्या नर्सरीत काळ्या पिशव्या ओळीनं मांडल्या होत्या. मी फोनवर बोलत होतो, उन्हानं डोकं तापलेलं, हाताला लागली ती पिशवी उचलली आणि स्कूटरवर पायाशी ठेवून आणली. कॉलनीच्या अध्यक्षा, ज्यांना आम्ही सगळेच वहिनी म्हणतो, त्यांनी नारळ फोडला, पेढे वाटले, पाटी रंगवून घेतली. आठवड्यानं पालवी फुटली. तामणाचं पान पंजाएवढं असतं. हे बोटाच्या पेराएवढं. मी झाडाला पाणी घातलं, इकडंतिकडं बघितलं आणि घरी आलो. पेढे पचले होते, आता काय बोलणार?

झाड जोमानं वाढलं. मेंदीला काय, आपल्याकडचं ऊन मानवतं.

एका वर्षी वहिनींनी ठरवलं की एक मेला, झेंडावंदनाला, तामण फुललेलं असलंच पाहिजे. "फुलेल ना, सर?"

"फुलेल की."

हे दोन शब्द मी का बोललो, ते अजून मला उलगडलेलं नाही. आदल्या दुपारी कॉलनी कूलर लावून झोपलेली असताना मी रस्त्याकडेच्या खऱ्या तामणाचे जांभळे तुरे तोडून आणले आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या जांभळ्या दोऱ्यानं मेंदीला बांधले. घामानं गाठी सुटत होत्या. एक तुरा तर उलटा बांधला गेला.

सकाळी तुरे माना टाकून लोंबत होते, पण जांभळे होते. टाळ्या पडल्या. वहिनींनी खास खुलताबादहून थोरल्या बहिणीला बोलावलं होतं. अक्का शेतातल्या, आवाज मोठा, आणि चूक असल्या तरी ठासून बोलणाऱ्या. त्या झाडाजवळ गेल्या, दोन पानं तोडून मुठीत चुरगळली.

"अगं, ही तर मेंदी हाय!"

कॉलनीतल्या बायका झाडाजवळ सरकल्या. वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या.

"तामणच आहे," मी म्हणालो.

"मंग ह्या फुलाला दोरा कशाला वो?"

"तो दोरा नाही. तंतू आहे."

"व्हय का? आन् गाठ कुणी मारली, देवानं?"

तिथंच कबूल केलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. त्याऐवजी मी व्याख्यान दिलं. म्हणालो, मेंदी, तामण, डाळिंब, धायटी, उपवासाचा शिंगाडासुद्धा एकाच घरातले. डाळिंबाचं आणि शिंगाड्याचं पूर्वी वेगळं बिऱ्हाड होतं, डीएनए तपासल्यावर शास्त्रज्ञांनी त्यांना या घरात आणून बसवलं. कळीत पाकळ्या बघा, इस्त्री न केलेल्या रुमालासारख्या चुरगळलेल्या, तामणाच्याही आणि मेंदीच्याही. इथवर सगळं खरं होतं. पुढं मी म्हणालो, "तर आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे तामण जरा मेंदीकडं झुकलंय. उत्क्रांती आहे ही."

माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, आणि मुळात तामण काही मेंदीचा बाप नाही. दोघं चुलत आहेत. एक चुलत भाऊ दुसऱ्याकडं झुकत नसतो, फार तर लग्नात नमस्कार करतो.

अक्का म्हणाल्या, "म्हंजी माझी म्हैस उद्या शेळीकडं झुकली, तर डेअरीला काय सांगू?"

बायका फिसकन हसल्या. वहिनींचा चेहरा लाल झाला. "अक्का, पुरे. सर शिकलेले आहेत. तुला काय कळतं त्यातलं?"

अक्कांनी पोह्यांची बशी खुर्चीवर ठेवली आणि पिशवी उचलली. फाटकाशी वळून त्यांनी मूठ उघडली. तळवा केशरी झाला होता. "हे बघ गं," त्या म्हणाल्या. वहिनींनी बघितलं नाही. मी बघितलं.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "माझा जांभळा दोरा कुठं गेला?" मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

त्यानंतर अक्का या कॉलनीत आलेल्या नाहीत. आता वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्या घरातल्या प्रत्येक लग्नात नवरीला मेंदी अक्काच लावत आल्यात, पाट्यावर वाटून, काडीनं. मुलगी हटून बसलीय की मावशी नसेल तर मेंदीच नको. वहिनी म्हणतात, सगळ्यांसमोर माझी शोभा केली, आधी तिनं माफी मागावी. अक्का निरोप धाडतात, मेंदीला मेंदी म्हटल्याची माफी कोणत्या देवळात मागतात ते कळवा.

परवा वहिनी पत्रिका द्यायला आल्या. चहा घेताना आपणहूनच म्हणाल्या, "सर, माझ्या बहिणीनं जन्मात कधी झाड ओळखायला चूक केली नाही. त्याच दिवशी कशी काय केली असेल?"

मी कपात बघत म्हणालो, "वय झालंय त्यांचं."

दोऱ्याचं, तंतूचं, उत्क्रांतीचं मला आता हसू येतं. या तीन शब्दांचं येत नाही.

पाटी अजून तिथंच आहे. झाडाला यंदा त्याची स्वतःची बारीक पांढुरकी फुलं आली, वास फाटकापर्यंत येतो. मुलगी सकाळी त्याच्याजवळून जाताना पानं कुस्करते आणि बोटं बघते. तिला कळलंय असं वाटतं.

अक्का बरोबर होत्या, हे मी वहिनींना सांगायचं आहे. त्याच पाटीपुढं, त्याच बायकांसमोर. मग खुलताबादला जाऊन अक्कांना घेऊन यायचं आहे. लग्न तोंडावर आलंय आणि यातलं काहीच मी अजून केलेलं नाही.